स्टिअरिंग बॉक्स उघडायलाच हवा

जुनी जीप रात्रभर एका जागी उभी राहिली की सकाळी पुढच्या चाकाजवळ जमिनीवर काळपट तेलाचा डाग दिसतो. इंजिनाचं तेल असेल म्हणून मालक आधी तिकडे पाहतो. मग लक्षात येतं, तेल ओघळतंय ते चॅसीला बोल्टनं आवळलेल्या ओतीव लोखंडाच्या डबीतून, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून. गाडी गॅरेजात जाते आणि तिथं बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : ‘तेल राहत नाही ना, मग ग्रीस मारून टाकू.’ ग्रीस गन लावली जाते, बॉक्स गच्च भरतो, डाग पडायचा थांबतो. मालक समाधानानं गाडी घरी नेतो.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये हा उपाय इतका रुळला आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो चुकीचा आहे, आणि गाडी रस्त्यावर आणायची असेल तर धोक्याचाही आहे. गळका बॉक्स बुजवायचा नसतो. तो उतरवावा, उघडावा, आतली झीज मोजावी आणि ज्या कारणानं तेल बाहेर पडतं ते कारण दूर करावं. यात वेळ जातो, दोन-तीन ठिकाणी खेटे घालावे लागतात, पैसेही लागतात. पण रंगासाठी आणि क्रोमसाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या माणसानं गाडीची दिशा ज्या डबीच्या हाती आहे तिच्यासाठी आठ दिवस काढू नयेत, हे पटण्यासारखं नाही.

या डबीचं काम काय, ते आधी पाहायला हवं. चालक चाक गोल फिरवतो. पुढची चाकं वळवायला मात्र दांडा पुढे-मागे ढकलावा लागतो. गोल गतीचं या ढकल-ओढीत रूपांतर करणं आणि माणसाच्या मनगटाचं बळ काही पटींनी वाढवून चाकांपर्यंत पोचवणं, ही दोन्ही कामं बॉक्स करतो. विलीज जीपमध्ये यासाठी ‘रॉस’ पद्धतीचा बॉक्स आहे. स्टिअरिंगच्या लांब नळीच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखी सर्पिल खाच असलेला कॅम असतो. त्या खाचेत आडव्या शाफ्टच्या लिव्हरवरच्या दोन निमुळत्या पिना बसतात. चाक फिरलं की खाच पिनांना पुढे किंवा मागे सरकवते, लिव्हर फिरतो, त्याचा शाफ्ट फिरतो आणि शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला घट्ट बसवलेला पिटमन आर्म चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला, म्हणजे ड्रॅग लिंकला, ढकलतो. गॅरेजात काही जण याच आर्मला ‘ड्रॉप आर्म’ म्हणतात.

हा बॉक्स बनवणारी रॉस गिअर अँड टूल ही कंपनी डेव्हिड रॉस यांनी १९०६ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात लाफायेत इथं सुरू केली. तिथल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या रॉस-एड स्टेडियमच्या नावातला रॉस तो हाच. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या आणि रॉसचा हा कॅम-लिव्हर बॉक्स वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत पोचला. १९४५ साली सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि त्याच सुमारास मुंबईतल्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली. सीजे-३बी या मॉडेलचं अमेरिकेतलं उत्पादन १९६८ साली थांबलं. आपल्याकडे त्याच घाटाच्या जीप त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिल्या. पाटबंधारे, वन, पोलीस, साखर कारखाने अशा ठिकाणी राबून लिलावात निघालेल्या या जीप आज महाराष्ट्रातल्या शौकिनांच्या दारात उभ्या आहेत. सुटे भाग बऱ्यापैकी मिळतात, माणसं ओळखीची आहेत, गाडी साधी आहे. म्हणूनच तिच्या स्टिअरिंग बॉक्सची हेळसांड समर्थनीय नाही.

आता गळतीकडे वळू. लिव्हरचा शाफ्ट बॉक्सच्या भिंतीतून बाहेर येतो ती जागा तेलाच्या पातळीच्या खाली असते. म्हणजे गाडी उभी असो वा चालू, तेलाचा भार त्या तोंडावर सतत असतो. शाफ्ट पितळी किंवा ब्राँझच्या बुशांमध्ये फिरतो आणि बाहेरच्या टोकाला ऑइल सील असतं. बुश झिजला की शाफ्ट लटलटतो. सील शाफ्टला सगळीकडून सारख्या दाबानं धरून असतं, तोवरच ते तेल अडवतं. शाफ्ट एका बाजूला सरकला की दुसऱ्या बाजूला फट पडते. प्रत्येक खड्ड्यात आर्मला हिसका बसतो, शाफ्ट थोडा उचलला जातो आणि सीलची ओठासारखी कड खाल्ली जाते. तिथून पाणी आणि धूळ आत जाते, शाफ्टवर गंज धरतो आणि त्या खरबरीत शाफ्टनं नवं सीलसुद्धा थोड्याच दिवसांत कापलं जातं.

म्हणून जमिनीवरचा डाग पाहून ‘सील गेलं’ एवढंच म्हणणं पुरेसं नाही. सील का गेलं, हे विचारावं लागतं. गाडी घोडीवर उचलून, पिटमन आर्म दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहिलं तर पुष्कळदा उत्तर तिथंच मिळतं. चाक फिरवताना आर्म फिरायला हवा. शाफ्ट बॉक्सच्या भोकात उड्या मारत असेल तर बुश संपले आहेत. अशा बॉक्सला नुसतं नवं सील बसवणं म्हणजे तेच काम काही महिन्यांनी पुन्हा करणं.

ग्रीस इथं नेमकं काय करतं? साधं चॅसी ग्रीस घट्ट असतं. घट्ट श्रीखंडात चमचा फिरवला की मागे चर उरते आणि ती आपोआप भरत नाही. बॉक्समध्ये तेच होतं. पिना खाचेतून ग्रीस बाजूला सारतात आणि ते परत खाचेत येत नाही. भिंतींना भरपूर ग्रीस चिकटलेलं, आणि जिथं धातू धातूवर घासतो ती खाच कोरडी, अशी स्थिती होते. तेल मात्र प्रत्येक वळणानंतर परत खाचेत वाहतं, वरच्या-खालच्या बेअरिंगपर्यंत जातं, झिजेचा बारीक चुरा तळाला घेऊन जातो. म्हणून अशा बॉक्ससाठी बनवणाऱ्यांनी जाड गिअर ऑइल सुचवलेलं असतं. काही गाड्यांच्या पुस्तकांत मऊ, अर्धप्रवाही ग्रीस सांगितलेलं आहे हे खरं. ते वाहतं, आणि चॅसीच्या निपलमध्ये मारायच्या ग्रीसपेक्षा अगदी वेगळं असतं. ते वापरायचं तर बॉक्स ठीक असल्याची खात्री करून वापरावं. झीज लपवायला वापरलं तर डाग पडायचा थांबतो, आणि डागाबरोबर इशाराही थांबतो.

या इशाऱ्याची किंमत लष्कराला माहीत होती. अमेरिकी लष्करानं जीपसाठी १९४४च्या फेब्रुवारीत काढलेल्या तांत्रिक पुस्तिकेत गाडी बाहेर काढण्याआधीच्या तपासणीत गाडीखालची जमीन पाहण्याचं काम चालकाला दिलेलं आहे : पेट्रोल, तेल, पाणी, ब्रेकचं द्रव, काय गळतंय ते बघ. त्यासाठी मिस्त्रीची वाट पाहायची नव्हती.

दुरुस्तीची पहिली पायरी शोधाची आहे. जुन्या गाडीखाली सगळंच तेलकट असतं आणि इंजिनाचं तेल वाऱ्यानं मागे उडून बॉक्सवर जमू शकतं. बॉक्स केरोसीननं धुवावा, कोरडा करावा, वरून खडूची पूड भुरभुरावी आणि थोडी गाडी चालवावी. तेल जिथून निघतं तिथं पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. जागा ठरलेल्या असतात. शाफ्टचं सील ही पहिली. लिव्हरच्या बाजूच्या झाकणाचं गॅस्केट ही दुसरी. नळीकडच्या झाकणाखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, ही तिसरी. हॉर्नची तार नळीतून खाली येऊन बॉक्सच्या बुडातून बाहेर पडते, ती चौथी. ऑस्टिन-हीली किंवा ट्रायम्फ टीआरसारख्या ब्रिटिश गाड्यांमध्ये हॉर्न आणि इंडिकेटरच्या तारा ज्या बारीक नळीतून जातात, तिचा नट बॉक्सच्या तोंडाशी असतो आणि तो हमखास पाझरतो. तिथं काम नटाचं असतं आणि शाफ्टचं सील विनाकारण बदललं जातं.

शाफ्टच्या सीलपाशीच गळत असेल तर पिटमन आर्म काढावा लागतो, आणि इथंच सगळ्यात जास्त नासधूस होते. आर्म निमुळत्या दातेरी शाफ्टवर वर्षानुवर्षं घट्ट बसलेला असतो. तो योग्य पुलर लावूनच काढावा. हातोड्याचे घाव शाफ्टमधून सरळ आतल्या पिनांवर आणि खाचेवर जातात आणि तिथं खळगे पाडतात. गॅस कटरनं तापवला तर पोलादाचं पाणी उतरतं. काढण्याआधी आर्मवर आणि शाफ्टवर एका रेषेत खूण करायची, म्हणजे परत बसवताना एक दातही इकडेतिकडे होत नाही. एवढी शिस्त पाळायला महागडं यंत्र लागत नाही.

रॉस बॉक्सचा कॅम आणि स्टिअरिंगची नळी अखंड आहे, त्यामुळे बॉक्स पूर्ण उघडायचा तर चाक काढून, कॉलमचा पट्टा सोडून सगळा सांगाडा एकत्र उतरवावा लागतो. मिस्त्री टाळाटाळ करतो ती इथं. पण एकदा बॉक्स टेबलावर आला की खरी माहिती मिळू लागते. मायक्रोमीटरनं शाफ्टचा व्यास तीन-चार ठिकाणी, आडवा-उभा मोजला की तो किती आणि कुठं झिजलाय ते कळतं. पिनांचा निमुळता भाग गोल आहे की त्यावर सपाट डाग पडलेत, ते भिंगातून दिसतं. बेअरिंगच्या वाट्यांवर गोळ्यांचे ठसे आहेत का, हे बोट फिरवूनही समजतं. शाफ्ट आणि पिटमन आर्म यांना तडा नाही ना, हे डाय पेनिट्रंटच्या फवाऱ्यानं तपासता येतं. मशीन शॉपमध्ये ही तपासणी रोजची आहे. तडा असलेला किंवा कधीतरी वेल्डिंग केलेला आर्म मात्र कुठल्याही सबबीवर परत बसवू नये.

नवे बुश लेथवर करून घेणं अवघड नाही. ते प्रेस करून बसवल्यावर किंचित आवळतात, म्हणून दोन्ही बुशांमधून एकाच लांब रीमरनं एकाच दमात भोक फिरवावं लागतं. तरच दोन्ही भोकं एका रेषेत राहतात. शाफ्टवर सीलनं चर पाडली असेल तर दोन रस्ते आहेत. एक, त्या जागेवर हार्ड क्रोम चढवून मूळ मापाला ग्राइंड करणं. दुसरा, सुमारे पाव मिलिमीटर जाडीची तयार स्टेनलेस बाही शाफ्टवर चढवणं. एसकेएफ अशा बाह्या ‘स्पीडी-स्लीव्ह’ नावानं विकते, आणि या कंपनीचा कारखाना पुण्यात चिंचवडलाच आहे. ज्या गोष्टीसाठी लोक परदेशातून पार्सल मागवतात, तिची वाट कित्येकदा भोसरी-चिंचवडच्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरच्या गल्लीत सापडते.

मापाचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. अमेरिकी आणि ब्रिटिश गाड्यांची मापं इंचात असतात आणि दुकानात समोर येतं ते मिलिमीटरचं सील. सात अष्टमांश इंचाचा शाफ्ट म्हणजे २२.२२५ मिलिमीटर. दुकानदार २२चं सील देतो, ते चढतंही, आणि ‘बसलं की’ म्हणून काम संपतं. आतून आवळलेली कड लवकर झिजते. बाहेरचा व्यास सैल असेल तर सील जागेवरच फिरतं आणि तेल त्याच्या भोवतीनं निघतं. इंची मापाची सील आजही बनतात, शोधली तर मिळतात. १९३०-४०च्या दशकांतल्या पुष्कळ गाड्यांत मुळात नमदा, बूच किंवा चामड्याचं सील असायचं. त्या जागी आत स्प्रिंग असलेलं नायट्राइल रबराचं सील बसत असेल तर खुशाल बसवावं. बाहेरून काही दिसत नाही, बॉक्सच्या घरात काही कापावं लागत नाही, आणि पुढच्या माणसाला ते सहज परत बदलता येतं.

बॉक्स बंद करताना दोन गोष्टी क्रमानं कराव्या लागतात. आधी कॅमच्या बेअरिंगची ढिलाई काढायची. ती झाकणाखालच्या शिमांनी ठरते, आणि शिमांचा हिशोब दोन-तीन हजारांश इंचांचा असतो. तिथं गळती थांबवायला सिलिकॉनचा जाड थर फासला की हा हिशोबच बिघडतो, शिवाय आत पिळवटून आलेले सिलिकॉनचे तुकडे तेलात फिरत राहतात. बेअरिंग बसल्यानंतर लिव्हरच्या झाकणावरचा स्क्रू. हा स्क्रू चाकं सरळ असतानाच, बॉक्सच्या मध्यावर बसवायचा. रॉसच्या कॅममध्ये मधली खाच मुद्दाम थोडी उथळ ठेवलेली असते, म्हणजे सरळ चालताना पिना नेमक्या घट्ट बसतात आणि वळणात मोकळ्या होतात. गाडी आयुष्यभर बहुतांश सरळच चालते, त्यामुळे झीजही मध्येच जास्त होते. खूप झिजलेल्या कॅमचा मध्य जबरदस्तीनं आवळला की वळणाच्या दोन्ही टोकांना स्टिअरिंग अडकतं. खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात चाक वळवल्यावर ते आपणहून परत न येणं म्हणजे काय, हे घाट चढलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणूनच गळतीच्या निमित्तानं आत डोकावलेल्या मिस्त्रीनं ‘जाता जाता प्लेही काढला’ म्हणून स्क्रू पिळणं ही मेहरबानी मानू नये.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गाडी वर्षातून दोन-चारदा निघते, रॅलीत तासाला तीसच्या वेगानं जाते. हा युक्तिवाद नेहमीचा आहे आणि तो टिकत नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचं सील सुकतं, आत शिरलेलं पाणी तळाशी बसून बेअरिंग खातं. उभी गाडी वापरातल्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. आणि रॅलीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, कडेवर मुलं घेतलेले आईबाप दाटीनं उभे असतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याभोवतीची गर्दी सगळ्यांनी पाहिली आहे. गर्दीतून हळू जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग जास्तच नेमकं असायला हवं.

दुसरा युक्तिवाद जास्त मोहक आहे : जुना बॉक्स काढून टाका आणि आजच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसवा. रोजच्या वापराच्या गाडीबद्दल हा विचार समजण्याजोगा आहे, तरी तिथंही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं; निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करायला ते मनाई करतं. जपणुकीच्या गाडीत तर तो सरळ नुकसानीचा सौदा आहे. नवा बॉक्स बसवायला चॅसी कापावी लागते, ब्रॅकेट वेल्ड करावी लागतात, आणि पुढच्या अॅक्सलची जुनी भूमिती नव्या स्टिअरिंगशी जुळेलच याची खात्री कुणी देत नाही. जुन्या वाहनांच्या जपणुकीसाठी १९६६पासून काम करणारी ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या २०१२च्या तुरीन सनदेत हेच सांगते : वाहन चालतं ठेवावं, पण त्यात हात घालायचा तो गरजेपुरता. नवं सील, नवे बुश, क्रोम चढवून सरळ केलेला शाफ्ट, ही गरजेपुरत्या हस्तक्षेपाची उत्तम उदाहरणं आहेत. ऐंशी वर्षांपूर्वीचं यंत्र ऐंशी वर्षांपूर्वीच्याच पद्धतीनं चालत राहतं.

कायद्याची बाजूही पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम ९८ स्टिअरिंगविषयी आहे. चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी फिरत नसावी, जोडांचे बॉल रबरी टोप्यांनी झाकलेले असावेत आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. सोळा-सतरा इंची चाकाच्या कडेवर ३० अंश म्हणजे चार ते साडेचार इंच. ही मर्यादा खरं तर बरीच सैल आहे. तरीही ती ओलांडणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावर असतात, कारण मोजून कुणी पाहत नाही.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं याच नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचं ५ हजार, आणि मुदत दहा वर्षांची. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ही तरतूद स्वागतार्हच आहे. १९७४मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या गाड्यांपैकी पहिल्या आता पन्नाशीला पोचल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये हटली, पण खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनींना या नियमानं पुढचं आयुष्य मिळू शकतं. आणि पद्मिनीलाही, अॅम्बेसेडरसारखं रॅक (बॉक्सऐवजी दातेरी पट्टी सरकवणारी रचना) नाही, बॉक्सच आहे.

‘मूळ रूपात’ या अटीचा अर्थ मात्र आपण फार वरवरचा लावला आहे. गाडी जुनी दिसते का, रंग त्या काळचा आहे का, दिवे-बंपर अस्सल आहेत का, हे बारकाईनं पाहिलं जातं. स्टिअरिंग बॉक्स ग्रीसनं ठासलेला आहे की तेलावर चालतो, शाफ्ट बुशात बसलाय की लटलटतो, हे कोण पाहतं? रॅलीतल्या परीक्षकांनी गाडीखाली वाकून पिटमन आर्म हलवून पाहायला, चाकावर खडूची खूण करून मोकळी फिरत मोजायला पाच मिनिटं पुरतात. एखादी गाडी नियम ९८च्या मर्यादेत बसत नसेल तर तिला मैदानात प्रदर्शनासाठी उभं करावं, रस्त्यावरच्या फेरीत सोडू नये. मालकाला वाईट वाटेल. पुढच्या वर्षी तो बॉक्स दुरुस्त करून येईल. व्हीए नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या राज्य पातळीवरच्या समितीनंही स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा मोजमापासह लेखी अहवाल मागायला हवा. गाडीच्या रंगाची साक्ष फोटो देतात. शाफ्टच्या झिजेची साक्ष मायक्रोमीटरच देऊ शकतो.

या मागणीवर एक आक्षेप योग्य आहे : हे काम जाणणारी माणसं कुठं आहेत? नव्या मोटारींत रॅक आणि इलेक्ट्रिक मोटर आली, त्यामुळे तरुण मेकॅनिकनं मोटारीचा बॉक्स उघडलेलाच नसतो. पण चित्र दिसतं तितकं निराशाजनक नाही. ट्रक आणि बसमध्ये आजही बॉक्सच आहे. त्यात गोळ्यांवर फिरणारा नट असतो आणि जोडीला हायड्रॉलिक दाब असतो, तरी शिम, बेअरिंगची ढिलाई, आर्म फिरवणारा सेक्टर शाफ्ट आणि त्याचं सील हे सगळं तेच आहे. एसटीच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस रॉसचा बॉक्स पाहून गोंधळणार नाही. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकल अभ्यासक्रमातल्या मुलांना जुन्या गाड्यांच्या क्लबांनी वर्षातून काही दिवस असे बॉक्स खोलायला द्यावेत. झिजलेला बॉक्स शिकायला उत्तम असतो, कारण त्यात प्रत्येक चूक डोळ्यांना दिसते.

क्लबांनी आणखी एक काम हाती घ्यावं. एकटा मालक लेथवाल्याकडे दोन बुशांसाठी गेला तर त्याला दर जास्त पडतो आणि कारागिरालाही ते काम नकोसं वाटतं. पंचवीस जीपवाल्यांनी एकत्र येऊन बुश, शिम आणि इंची मापाची सील यांची एक खेप करून घेतली तर मालकाला परवडतं, टर्नरलाही त्यात रस वाटतो. उद्यमनगरसारख्या ठिकाणी अशा छोट्या खेपा काढणारे कसबी लोक आहेत. त्यांच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यायला हवेत. बॉनेटवर चमकणाऱ्या चिन्हासाठी मागेल ती किंमत मोजणारा माणूस बुशाच्या रीमिंगचे पैसे देताना हात आखडतो. कसब टिकायचं असेल तर ही सवय मोडली पाहिजे.

मिस्त्रीची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याला ग्रीसचा तोटा ठाऊक नसतो असं नाही. मालक दुपारी गाडी सोडतो आणि संध्याकाळी मागतो, तेव्हा त्याच्या हातात ग्रीस गनशिवाय काही उरत नाही. ‘बॉक्स उतरवावा लागेल, शाफ्ट क्रोमिंगला जाईल, आठवडा लागेल’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी काढून दुसरीकडे नेली जाते. म्हणून बदलाची सुरुवात मालकानं करायची आहे. गाडी सोडताना त्यानं तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : आर्म पुलरनं काढायचा, काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून परत द्यायचे, आणि बॉक्स बंद करण्याआधी मला बोलवायचं.

मग त्या उघड्या बॉक्ससमोर उभं राहून शाफ्टचं माप, बुशाचं माप, शिमांची संख्या, सीलचा नंबर, भरलेल्या तेलाचा प्रकार आणि तारीख एका वहीत लिहून घ्यावी. जुना शाफ्ट, जुने बुश फेकू नयेत. पुढे कुणाला नवा भाग करायचा झाला तर नमुना म्हणून तेच लागतात. काही दिवस गाडी चालवून झाल्यावर पिटमन आर्मचा नट पुन्हा तपासावा, तेलाची पातळी पाहावी आणि खडूची पूड पुन्हा एकदा भुरभुरावी. मुंबई-पुण्याकडच्या रॅली थंडीत असतात. पावसाळ्यात गाडी तशीही उभीच असते. बॉक्स उतरवायला तोच काळ सोयीचा, आणि टर्नरकडेही तेव्हाच नंबर लावून ठेवावा.